दोन हंसराजांच्या मधलं झाड

हेमा,

शेवटच्या दिवसांत माणसं एकमेकांना काय काय सांगतात म्हणे. माफी मागतात, जुनं काढून रडतात, नाहीतर हातात हात धरून गप्प बसतात. आपण भांडलो. तेही एका नेच्याच्या, एवढ्याशा फर्नच्या, नावावरून. तुझ्या नाकात नळी, दिलीपराव दाराशी उभे, तुझी मुक्ता मला डोळ्यांनी खुणावतेय की मावशी पुरे कर, आणि तू उशीवरून मान उचलून म्हणतेयस, "मंगल, तू जन्मभर आडमुठीच राहिलीस." मला उद्देशून तुझं ते शेवटचं धड वाक्य. त्यानंतर तू पाणी मागितलंस, खिडकी उघडायला सांगितलीस, पण ते खोलीत असेल त्याला.

त्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. खरंच होतं ते. तक्रार एवढीच की मला त्यावर उत्तर द्यायचं होतं आणि तू थांबली नाहीस.

आपल्या कॉलेजात तुझी शोकसभा झाली. विभागात नव्याने लागलेली एक मुलगी कागदावरून वाचत होती, "मॅडम अत्यंत शांत आणि मितभाषी होत्या." बिचारीने तुला एकदा-दोनदाच पाहिलं असेल. मी मागच्या बाकावर होते. मला हसू फुटलं आणि मी कोपर मारायला शेजारी वळले. शेजारी दुसऱ्याच कोणीतरी बाई होत्या. त्या सरकून बसल्या. ह्या कोपराचं आता मी काय करू, ते कोणी सांगत नाही.

तू गेल्यापासून लोक मला येऊन धीर देतात. "वेदनेतून सुटल्या," म्हणतात. मी मान डोलावते. मनात म्हणते, ती सुटली असेल, मी कुठे सुटले?

आपण दोघी एकाच वर्षी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो. मी नांदगावची, तू येवल्याकडची. दोघींच्या घरी शेती आणि दोघींच्या गावाला पाण्याची बोंब. नेचे म्हणजे ओलाव्याची लेकरं, ती आमच्याकडे कुठली असायला? पण आमच्या मळ्यातल्या विहिरीत, आतल्या दगडांच्या फटींत, हंसराज उगवायचा. काळ्या चकचकीत देठाला अर्ध्या चंद्रासारखी पानं. मी काठावर पालथी पडून बघत बसायची आणि आई ओरडायची, "लय वाकू नको गं, जाशील आत!" वर सगळं रान करपलेलं आणि खाली, उन्हाचा हात पोचत नाही तिथे, तो हिरवागार. हे मी तुला पहिल्या सहलीला त्र्यंबकच्या बसमध्ये सांगितलं. तू म्हणालीस, "म्हणजे तूही नेच्यांकडे भाजलेल्या पायांनीच आलीस." तिथे आपलं जमलं.

जमलं म्हणजे पटलं असं नव्हे. मी वर्गीकरणवाली. पानाची कड, देठावरचे केस, शिरा कशा फाटतात, एवढं बघून मी सांगणार की हा कोण, कोणाच्या घरातला. तुझं म्हणणं, चेहरा फसवतो, पोटात शिरून बघ. तू पेशींतली गुणसूत्रं मोजायचीस. स्टाफरूममध्ये आपण वाद घालायला लागलो की गणिताचे सर चहाचा कप घेऊन बाहेर जायचे. मला वाटायचं, आज हिला निरुत्तर केलं. तू दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता कालच्याच वाक्यापासून सुरू करायचीस.

आणि मग तो सापडला.

श्रावण होता. सोमवारची गर्दी नको म्हणून आपण त्र्यंबकला नेहमी मंगळवारी जायचो. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला, वाटेपासून जरा आत, एक काळा कातळ होता, त्याच्यावरून पावसाळाभर पाणी झिरपायचं. डाव्या अंगाला माझ्या विहिरीतला गुळगुळीत हंसराज, उजव्या अंगाला त्याचाच भाऊबंद, केसाळ, पानांच्या कडा खोल कातरलेल्या. आणि दोघांच्या मधे एक गड्डा, धड ह्याचा नाही, धड त्याचा नाही. पान अर्धचंद्रच, पण कड जराशी कातरलेली. तू त्याच्यापुढे चिखलात बसलीस.

"हे काय आहे?"

"गुळगुळीतच आहे," मी म्हटलं. "सावलीत वाढलाय, म्हणून कड अशी."

"आणि देठावर हे केस?"

"धूळ असेल."

तू भिंग माझ्या हातात दिलंस. धूळ नव्हती.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागे तपकिरी भुकटी असते बीजाणूंची. ती उडून ओल्या मातीत पडते आणि वंश पुढे जातो. आपण त्या झाडाची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चांगले बीजाणू कसे भरदार असतात, एका मापाचे. हे सगळे चुरगळलेले, वेडेवाकडे, काळपट. "पोचट," मी म्हटलं. आमच्याकडे बाजरीचं कणीस असं निघालं की खळ्यावर कोणी कोणाशी बोलत नसे. तू मात्र टाळी वाजवलीस. "पोचटच! अगं, दोन वेगळ्या स्पीशीजचं पोर आहे हे. आईची गुणसूत्रं आणि बापाची गुणसूत्रं एकमेकांना ओळखत नाहीत, जोड्या लागत नाहीत, म्हणून बीजाणू भरत नाहीत. संकर आहे, मंगल, संकर!"

"मग वाढतोय कसा?"

"चालतोय."

ह्या दोन्ही हंसराजांची ती खोडच. पानाचं टोक लांबत लांबत जमिनीला टेकतं, टेकतं तिथे मूळ धरतं आणि नवं रोप उभं राहतं. मधल्याने आईबापाकडून तेवढं बरोबर उचललं होतं. भुकटी फुकट जात होती, पण तो पावलापावलाने कातळाच्या कडेने सरकत होता. तुझं त्याच्यावर मन बसलं ते तेव्हापासून. पुढे प्रत्येक पावसाळ्यात आपण तो आणखी कुठे आहे का ते शोधलं. अंजनेरीला, सावळ घाटात, पेठच्या बाजूला ओढ्याओढ्यांतून. दोन्ही आईबाप शेजारीशेजारी पुष्कळ ठिकाणी सापडले. हा कुठेच नाही.

पेठला ओढ्यात माझी एक चप्पल वाहून गेली तो दिवस आठवतो? मी अनवाणी पायाने त्या खडकाळ वाटेने कशी येणार म्हणून तू तुझी एक मला दिलीस. दोघी एकेका पायाने लंगडत एसटीच्या थांब्यापर्यंत आलो. कंडक्टर म्हणाला, "दोघी मिळून एकच जोड हाय व्हय मॅडम?" तू म्हणालीस, "हो, आणि तिकीटही दीडच फाडा." परवा ते आठवून मी भाजी चिरता चिरता मोठ्याने हसले आणि त्याच श्वासात असं रडू आलं की शेजारच्या काकू धावत आल्या. काय सांगणार त्यांना? चप्पल म्हणून?

तुला त्याला नाव द्यायचं होतं. संकराला नाव देता येतं, मधे गुणाकाराची खूण घालून. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा दोघांचा आहे. मी अडून बसले. एका कातळाच्या पायथ्याला एक गड्डा, तो उद्या वाहून गेला तर नाव कशाला चिकटवायचं? बीजाणू पोचट असायला संकरच लागतो असं नाही, पाण्याची ओढ बसली तरी निघतात पोचट. तू एकदा त्याची गुणसूत्रंही बघितलीस, ती खरंच सुटी सुटी पडली होती. मी म्हटलं, एका स्लाइडवर मी विश्वास ठेवत नाही, द्रावण चुकलं तरी असं दिसतं.

"तुला किती पुरावा पाहिजे?"

"आणखी एक."

आणि तो आणखी एक हाती लागणं फार अवघड. पान कोवळं, गुंडाळलेलं असताना, बीजाणू तयार व्हायच्या ऐन आधी, सकाळच्या वेळात खुडून जागेवरच द्रावणात टाकायचं. दोन दिवस इकडे तिकडे झाले की वर्ष गेलं. कधी परीक्षेची ड्यूटी आली, कधी मुक्ताला कावीळ झाली, कधी पाऊसच उशिरा आला. दर वर्षी तू म्हणायचीस, "पुढच्या श्रावणात बघते तुला." मला त्या वाक्याची सवय झाली होती. पुढचा श्रावण हा आपला दोघींचा, असं मी धरूनच चालले होते.

तुझ्या सत्काराचा दिवस मी कोणाला सांगत नाही, पण आज लिहिते. निवृत्तीच्या कार्यक्रमात ते पाहुणे बोलायला उभे राहिले. तू दिलीपरावांशी लग्न केलंस, घरच्यांनी दार लावलं, नाशिकरोडच्या त्यांच्या वस्तीत तू सून म्हणून गेलीस, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं. ते म्हणाले, "मॅडमनी संकर नुसता अभ्यासला नाही, स्वतःच्या आयुष्यात करून दाखवला!" सभागृहात टाळ्या. पहिल्या रांगेत दिलीपराव आपल्या बुटांकडे बघत होते. मुक्ता तेव्हा कॉलेजात होती. तिचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना.

तू उठून माइक घेतलास. "साहेब, एक चूक दुरुस्त करते, विद्यार्थी बसलेत म्हणून. संकर व्हायला दोन वेगळ्या स्पीशीज लागतात. माणसाची एकच आहे. माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात फरक आहे तो एवढाच, की ते पहाटे उठतात आणि मी उठत नाही. माझी मुलगी संकर नाही. ती मुलगी आहे."

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त. तेव्हा मला कळलं तू वर्गात मराठीतून शिकवतानासुद्धा स्पीशीजच का म्हणायचीस. पुस्तकात त्याला 'जाती' म्हणतात. तो शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

नंतर तू बाथरूममध्ये तोंड धुत होतीस आणि मी तुझी शाल आणि नारळ धरून बाहेर उभी. तू ओल्या तोंडाने म्हणालीस, "त्याच्या वाक्यावर पण टाळ्या वाजवल्या गं, आणि माझ्या वाक्यावर पण. त्याच लोकांनी." मी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. काय बोलायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही, हेमा. इतकी वर्षं गेली, अजून नाही.

मग तो आजार. पोटात दुखतंय म्हणून गेलीस आणि कॅन्सर घेऊन आलीस. मला फोनवर म्हणालीस, "मंगल, पेशींचं वर्गीकरण चुकलंय." मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. किमो झाली, केस गेले, पुन्हा किंचित आले, पुन्हा गेले. ह्या वर्षी आषाढात तू मला बोलावलंस. अंथरुणाला खिळलेली, मनगट माझ्या अंगठ्याएवढं, पण डोळे तेच. "मुक्ता रजा काढून आलीये. तिला घेऊन जा. कोवळ्या, गुंडाळलेल्या पानाची मुटकी आण. स्लाइड मी अंथरुणात बसून करीन. ह्या वेळी तुझा आणखी एक पुरा करते."

आम्ही गेलो. पाऊस झिमझिम होता, डोंगर ढगात. मुक्ताने द्रावणाची बाटली ओढणीत गुंडाळून छातीशी धरलेली, जशी तू धरायचीस. वाट मला पाठ होती आणि तरी मी चुकले असं वाटलं, कारण कातळ दिसेना. तिथे भिंत होती. दरड कोसळू नये म्हणून अख्ख्या कड्याला जाळी ठोकून वरून सिमेंट फवारलेलं, राखाडी, ओलं, नितळ. पाण्याला बाहेर यायला पाइप ठेवलेले. मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले.

खाली खडी पसरणारा एक माणूस आमच्याकडे बघत होता. "काय हरवलं का मावशी?"

"इथे एक झाड होतं," मुक्ता म्हणाली. "एवढंसं. दगडाच्या पायथ्याला."

"झाडं लय हायेत की वर. इथलं सगळं साफ केलं. दगड लय सुटायचे ना, मागं एका बाईच्या डोक्यात पडला. मेली बिचारी."

त्याच्यावर रागवायलाही जागा नव्हती. भिंत बरोबर होती. ती बाई मेली नसती तर बरं झालं असतं, भिंत आधीच बांधली असती तरी बरंच झालं असतं. जगात कोणाचीच चूक नसताना सगळं संपतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. मुक्ता आणि मी दुपार उलटेपर्यंत शोधत राहिलो. भिंतीच्या पलीकडे, फेकलेल्या मातीच्या ढिगात, ओघळीत. गुळगुळीत सापडला. केसाळ सापडला. मुक्ताचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले. ती मातीत बोटं घालून घालून बघत होती आणि "असेल गं मावशी, असेल" म्हणत होती, आणि मला कळत होतं की ती झाडाबद्दल बोलत नाहीये.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आईला सांगायचं नाही. पानं जून झाली होती म्हणायचं."

तसं ती म्हणालीही. तू तिचं ऐकून घेतलंस आणि माझ्याकडे बघितलंस. "मंगल?"

तुझ्याशी मी कधी खोटं बोलले नाही. ते धैर्य म्हणून नाही, तू पकडायचीस म्हणून. "भिंत बांधलीये," मी म्हटलं. "गेला तो."

तू नजर पंख्याकडे नेलीस. मग म्हणालीस, "आता तरी नाव दे त्याला."

"आता? आता तर नकोच. जो नाहीच त्याला नाव कशाला?"

"जो नाही त्यालाच लागतं गं नाव. असलेल्याकडे बोट दाखवता येतं."

मी गप्प बसायला हवं होतं, असं सगळे म्हणतील. पण गप्प बसले असते तर तुला कळलं असतं की मी तुला मरणारी बाई समजून वागवतेय. म्हणून मी बोलले. म्हटलं, पुरावा नाही हेमा, एका जुन्या स्लाइडवर आणि आपल्या मायेवर नाव ठेवता येत नाही. तुझे गाल लाल झाले. कितीतरी दिवसांनी तुझ्या तोंडावर रंग आला होता. आणि मग तू ते वाक्य म्हणालीस.

दोन-तीन दिवसांत तू बोलायची थांबलीस, आणि मग श्वास घ्यायची. सकाळ होती, दिलीपराव तुझे ओठ ओल्या कापसाने पुसत होते. पुसतच राहिले.

तुझ्या जलदानविधीला तुझा भाऊ आला होता. तुझा धाकटा, ज्याला तू अभ्यासाला बसवायचीस असं सांगायचीस. केस सगळे पांढरे, पांढरी टोपी हातात, दाराजवळच्या खुर्चीवर अर्ध्यातच बसलेला. मुक्ता पाणी घेऊन गेली. "मामा... मामाच ना तुम्ही?" तिने विचारलं. तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने मान हलवली आणि पाण्याचा पेला तसाच धरून ठेवला. भन्तेजींचा पाठ चालू होता, घर माणसांनी भरलेलं. सगळं आटोपल्यावर तो गॅलरीत माझ्याजवळ आला.

"तुम्ही शेवटपर्यंत होतात ना ताईजवळ? काही म्हणाली का आमच्याबद्दल?"

त्याला काय ऐकायचं होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शिवी चालली असती त्याला.

"नाही," मी म्हटलं.

तो कठड्याला धरून हळूहळू खाली बसला, भरल्या घरात, एवढा मोठा माणूस, आणि तोंडावर टोपी दाबून रडायला लागला. दिलीपराव आले, त्याच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. तुला बघायला हवं होतं असं म्हणणार होते मी. पण नको. तू बघितलं असतंस तर एवढंच विचारलं असतंस, "आता?"

तेराव्या-चौदाव्याचं तुमच्यात काही नसतं, पण माणसं पांगायला तेवढेच दिवस लागतात. पांगली. मग एका दुपारी मुक्ता म्हणाली, "मावशी, कॉलेजात चल. आईचा नमुना बघायचाय."

वनस्पतिसंग्रहाच्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा तोच वास. छताला ओल आलीये, कपाटांवर प्लास्टिक टाकलंय. आपला कागद सापडला. त्याच्यावर वाळवून शिवलेला तो, तुझ्या हाताच्या टाक्यांनी. मुक्ताला तिथला रिवाज माहीत नव्हता, मी सांगितला: आधीच्याचं नाव चुकलं असं वाटलं तरी खोडायचं नाही, खाली आपली चिठ्ठी चिकटवायची, सही करायची. कागदाच्या कडेला आपल्या चिठ्ठ्यांची शिडीच झालेली. माझी: गुळगुळीत हंसराज. खाली तुझी: संकर. त्याखाली माझी: गुळगुळीतच, सावलीतला. त्याखाली तुझी. सगळ्यात खालची तुझीच आहे, गेल्या वर्षीची, अक्षर थरथरलेलं, पण 'संकर'खाली दोन रेघा ओढलेल्या, जोर लावून.

मुक्ता ते वाचत राहिली. हसली, मग तिने डोळे पुसले. मग पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"लिही."

"काय?"

"आईचं बरोबर होतं म्हणून. तू सही केलीस तर छापता येईल. वाळलेला नमुना चालतो ना नावाला? मी वाचलंय, चालतो."

चालतो. ती खरं म्हणत होती. मी म्हटलं, आधी स्लाइड बघू. कपाटाच्या खालच्या खणात तुझा डबा होता. ती स्लाइड मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काचेखालचं सगळं वाळून पांढरं पडलं होतं, रंग उडालेला. कुठे काही डाग, कुठे हवेचे बुडबुडे. गुणसूत्रं सुटी होती की जोडीत, आता कोणालाच सांगता येणार नाही. कधीच नाही. मी स्क्रू फिरवत राहिले, उजेड कमीजास्त करत राहिले.

"मावशी, बस झालं," मुक्ता म्हणाली. "लिही ना."

"मला अजून पटलेलं नाही, बाळा."

मग ती ज्या आवाजात बोलली तो थेट तुझा होता. "आई गेली, मावशी! आता पटायचं काय राहिलंय? तिच्यासाठी एवढं करवत नाही तुला?"

मला तिला सांगायचं होतं. तुझ्या आईसाठी म्हणून लिहिलं तर ते तिनेच कागदावरून खरवडून काढलं असतं. तुझ्या आईने जन्मभर माझ्याकडे एकच मागितलं, की मला पटावं. माझं मन राखून हो म्हण असं ती एकदाही म्हणाली नाही. आज दया येऊन मी होकार दिला तर तिच्याशी इतकी वर्षं घातलेला वाद काय तिला खेळवण्यासाठी घातला? हे सगळं मनात होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तसं नसतं गं ते."

तिने पेन पर्समध्ये ठेवलं, कागद नीट घडीत सरकवला, कपाट लावलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतली. दिलीपरावांकडून कळलं. मी फोन करते, ती उचलत नाही. एकदा मेसेज आला, "मावशी, सध्या नको." मुक्ता, जिला मी हंसराजाचं पान ओळखायला शिकवलं, जी लहानपणी आपल्या भांडणात मधे उभी राहून दोघींच्या तोंडावर हात ठेवायची.

मी रोज त्या दुपारचा हिशेब नव्याने मांडते. लिहून टाकायला हवं होतं का? माझ्या सहीने कोणाचं वाईट झालं असतं? एका नेच्याला, जो नाही, एक नाव मिळालं असतं, जे कोणी वाचणार नाही. एक मुलगी माझ्याशी बोलत राहिली असती. मग वाटतं, जाऊन आज लिहावं. साडी बदलते, दारापर्यंत जाते. आणि हात कडीवरच थांबतो. तू म्हणायचीस तसा तो संकर होता का? असेल. शंभर वेळा वाटतं, असेलच. पण वाटणं आणि पटणं ह्यांतलं अंतर तूच मला दाखवलंयस, आणि ते अंतर दर वेळी तूच चालून यायचीस माझ्याकडे, नवं काहीतरी घेऊन, रागावून, भिंग पुढे धरून.

कातळ गेला, स्लाइड गेली, आता पुरावा कुठून यायचा? त्या चिठ्ठ्यांच्या खाली अजून जागा आहे. ती तशीच राहील. मला पटवायला तू पाहिजे होतीस, हेमा. ते दुसऱ्या कोणाच्यानं होणार नाही, आणि माझ्यानं तर नाहीच.